मशीनवरच्या पत्रिका

शालिकराम नागपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात कॉम्प्युटरवर होता. सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर म्हणजे तो राहायचा त्या अख्ख्या प्रताप नगरात अप्रूप, आणि त्यावर जन्मपत्रिका निघते म्हटल्यावर तर विचारूच नका. जेवणाच्या सुट्टीत सरकारी मशीनवर, सरकारी कागदावर तो लोकांच्या पत्रिका काढून द्यायचा, अगदी फुकट. त्याचे साहेब मधुकरराव यांच्या मुलीचे गुणसुद्धा त्यानेच जुळवले होते, आणि त्या लग्नात त्याला आग्रह करकरून जिलेबी वाढली गेली होती. मग यात काही वावगं आहे, हे त्याच्या डोक्यात यावं तरी कसं?

पुढे कारखान्यात संरक्षण खात्याच्या कामाचा गुप्त विभाग उघडला. तिथल्या मशीनवर बसायला शालिकरामइतका तयार माणूस दुसरा नव्हता. फक्त माणूस विश्वासाचा आहे, असा वरून निर्वाळा यायला हवा होता. त्या जागेवर त्याचा जीव जडला होता. शेत सोडून शहरात आलेल्या आईला, गोपिकाबाईंना, त्याने नव्या क्वार्टरचं अंगणसुद्धा कबूल करून टाकलं होतं. तिथे वांगी लावायची की मिरच्या, एवढंच ठरायचं बाकी होतं.

चौकशीला आलेले साहेब मवाळ बोलायचे. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, ऑफिसचा कॉम्प्युटर कधी खासगी कामाला वापरलात का? यात काही वावगं असावं, हे शालिकरामच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. हो म्हणावं तर जागा जाणार, वर मधुकररावांचंही नाव निघणार.

"कधीच नाही," तो म्हणाला. साहेबांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब रीतीप्रमाणे घर बघायला आले, तेव्हा शालिकराम कामावर होता. गोपिकाबाईंनी पाहुण्याला पोहे केले, चहा केला आणि कुणालाही विचारतात तसं लेकराबाळांचं विचारलं. साहेबांची मुलगी लग्नाची आहे म्हटल्यावर तर बाईंना राहवेना.

"मंग काळजी काहून करता? आमचा शालिक आफिसातल्या मशीनवर पत्रिका काढून देते. साऱ्या मोहल्ल्याच्या काढल्या त्यानं. पोरीची जन्मवेळ तेवढी सांगून ठेवा."

साहेबांनी चहा संपवला, बाईंना वाकून नमस्कार केला आणि निघाले. जन्मवेळ मात्र त्यांनी सांगितली नाही.

गुप्त विभागातली ती जागा शालिकरामच्या हातची गेली. मधुकररावांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. "पत्रिकेचं काही नव्हतं गा," ते म्हणाले. "ते तं ताकीद देऊन सोडणार होते. तुझ्या मायनं खरं सांगतलं, तू खोटं काहून बोलला?"

घरी येऊन त्याने सगळा राग आईवर काढला. कोण कुठला माणूस, त्याच्यापुढे घरचं सांगत कशाला बसलीस, तुझ्या तोंडापायी माझं वाटोळं झालं. "मी तं खरं तेच सांगतलं, बापू," माउली एवढंच म्हणाली. त्यावर तो आणखीच भडकला. स्वतःचं चुकलं की माणूस समोरच्याच्या अंगावर जातो, दुसरं काय! पुढे राग विरला आणि लाज वाटू लागली. पण आईची माफी मागणं आज-उद्यावर राहून गेलं.

एका रविवारी दारात एक अनोळखी गृहस्थ आले. शालिकराम कुठे कामाला असतात, असं त्यांनी दाराबाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या गोपिकाबाईंना सहज विचारलं. एरवी याच बाईंनी त्यांना बसवून, चहा पाजून, लेकाचं कौतुक ऐकवलं असतं. त्यांनी सुपातून नजरही वर केली नाही.

"मले काही माहीत नाही, भाऊ."

शालिकराम आत, दाराआड उभा होता. उभ्या जन्मात खोटं न बोललेल्या आपल्या आईला आपणच हे शिकवलं, हे त्याला कळलं, आणि त्याला पुढे होऊन दार उघडवेना.