वारा पाठीमागून होता

हेदर पाण्याला भीत नव्हती. पाणी आणि टॅम्सिन एकत्र आली, की मात्र तिच्या पोटात गोळा उठायचा. टॅम्सिन सहा वर्षांची, एकुलती एक. तिला अंघोळीच्या टबात बसवलं तरी हेदर दारातून हलायची नाही. आणि नेमकं अशाच बाईच्या नवऱ्याला बोट घ्यायचं खूळ लागावं! दोन वर्षं सुट्टीचा दिवस आला की कॉलिन हॅम्बल नदीच्या धक्क्यांवर जुन्या बोटी हुंगत फिरत होता. अखेर मनासारखी सापडली. छोटी स्पोर्ट्‌स क्रूझर, एक पेट्रोल इंजिन, मागे बसायला ऐसपैस जागा, खाली झोपण्यापुरती केबिन. नवराबायकोत ठरलं ते असं, की आज ती समुद्रात चालवून बघायची आणि हेदर नाही म्हणाली तर विषय कायमचा बंद.

बोटीचे मालक मिस्टर विटकॉम्ब म्हणजे लाल गालांचे, सत्तरीचे, बोलघेवडे गृहस्थ. कॉलिन तर मुलगी बघायला आलेल्या सासऱ्याच्या थाटात बोटीभोवती फिरत होता. इथे टकटक कर, तिथे वाकून बघ, इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घाल. त्याला सगळं कळतं, निदान त्याचा चेहरा तरी तसं सांगत होता.

"छताच्या मागच्या पडद्याची चेन तुटलीय, बंदच होत नाही," तो म्हणाला.

"एवढंच ना! बाकी कॅनव्हासचं छत ठणठणीत आहे," विटकॉम्ब म्हणाले. "मार्चातल्या गारठ्यात ते लावूनच जाऊ. मुलीला सर्दी नको व्हायला."

हेदरने टॅम्सिनच्या लाइफ जॅकेटचे पट्टे इतके आवळले की पोरगी किंचाळली.

नदी संपून सोलंट सामुद्रधुनीचं मोकळं पाणी लागलं आणि कॉलिनने वेग वाढवला. बोटीचं नाक वर उठलं. मग ते लाटांवर असं आदळायला लागलं की प्रत्येक दणक्याला हेदरच्या काळजाचं पाणी झालं. एका हातात टॅम्सिनची कॉलर, दुसऱ्या हातात आधाराचा दांडा, डोळे गच्च मिटलेले. वळणावर बोट कलली तेव्हा तिला वाटलं, संपलं, आता पोर हातातून सुटणार.

"मम्मी, अजून एकदा! डॅडी, अजून एकदा!" टॅम्सिन खिदळत होती.

"डोळे उघड गं, भित्री भागूबाई!" कॉलिन ओरडला. "पोरीकडून काहीतरी शीक!"

"तू पुढे बघून चालव, मेल्या! माझ्याकडे कसला बघतोस?"

विटकॉम्ब खो खो हसले. हेदरला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. आपण नाही म्हणणार, हे तिचं त्या क्षणी पक्कं झालं.

परत नदीत शिरल्यावर वेगावर मर्यादा असते, म्हणून बोट रांगत निघाली. वारा आता पाठीमागून येत होता, तुटक्या चेनीचा पडदा आत फुगत होता. कॉलिनने समोरची काच उघडली आणि बाहेरच्या थंड हवेत डोकं काढून तो सुकाणूपाशी उभा राहिला. शेजारी विटकॉम्ब, तेही तसेच. टॅम्सिन जांभया देत होती.

"मम्मी, मी खाली झोपू?"

हेदरने विचार केला. खाली कठडा नाही, लाट नाही, पाय घसरायची भीती नाही. अख्ख्या बोटीत पाण्यापासून सुरक्षित अशी तेवढीच जागा. तिने स्वतः लेकीला खाली नेलं, गादीवर निजवलं, अंगावर आपला कोट घातला. मग वर येऊन ती मागच्या बाकावर टेकली.

हळूहळू तिला बरं वाटायला लागलं. छताखाली ऊब होती, इंजिन मागे एकसुरात गुरगुरत होतं, काठावरची घरं संथपणे सरकत होती. आपण उगीच एवढा जीव टांगणीला लावला, असं तिला वाटलं. घेऊ दे की बिचाऱ्याला बोट. उन्हाळ्यात येऊ, सँडविच आणू, टॅम्सिन पोहायला शिकेल. पोहायला शिकेल तर शिकेल, नाही तर नाही. डोकं थोडं जड झालं होतं, पण तेही काही वाईट वाटत नव्हतं.

आणि तिथेच ती चपापली. नाही तर नाही? टॅम्सिनबद्दल? लेक जन्मल्यापासून हेदरच्या पोटातला गोळा एक दिवस विरला नव्हता, आणि आज, पाण्यावर, तो जागेवर नव्हता. हे माझं नाही, तिला वाटलं. मला काहीतरी झालंय.

"टॅम्?" तिने हाक मारली. खालून उत्तर आलं नाही.

ती उठायला गेली तर गुडघे दुमडले. घरच्या बॉयलरशेजारी भिंतीवर एक पांढरी डबी असते. इंधनाचा वास नसलेला विषारी धूर साचला की वाजते ती. इथे ती कुठेच दिसत नव्हती.

"इंजिन बंद कर!" ती किंचाळली, पण आवाज पुरता फुटेना. "कॉलिन! धूर! टॅम्सिन खाली आहे!"

कॉलिन हसत वळला आणि तिचा चेहरा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने इंजिन बंद केलं आणि श्वास रोखून खाली उडी घेतली. वर आला तेव्हा टॅम्सिन त्याच्या हातांवर ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती. विटकॉम्बनी दोन्ही हातांनी छत ओरबाडून काढलं. टॅम्सिनला उघड्या वाऱ्यात डेकवर ठेवलं. हेदर रांगत तिच्यापाशी गेली. श्वास होता, अगदी बारीक, पण ती डोळे उघडत नव्हती. विटकॉम्बनी रेडिओवरून मदत मागितली. बोट आपली आपण वाहत राहिली.

"टॅम्, बाळा, मम्मी आहे इथे, ऊठ! ऊठ ना गं!"

"अलार्म कुठाय या बोटीवर?" कॉलिन ओरडला.

"होता," विटकॉम्ब म्हणाले. "मीच काढून टाकला. उगीच वाजायचा."

"उगीच? कधी वाजायचा?"

"परत येताना. नदीत शिरलो की... वारा मागून असला की..." बोलता बोलता म्हाताऱ्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. लाल गाल पांढरेफटक पडले. "माझी बायको तेव्हा खाली पडून असायची. डोकं धरून. मी तिला म्हणायचो, तुझी नाटकं पुरे."

त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. दुरून बंदराची मोटारबोट येताना दिसत होती. कॉलिन गुडघ्यांवर बसून लेकीचे तळवे चोळत होता आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता. हेदरने तिला कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या मारल्या, नाव घेत राहिली. पोटातला गोळा परत आला होता, इतका मोठा की तिला श्वास घेता येईना.

टॅम्सिनचं अंग आचका देऊन आखडलं. ती भडाभडा ओकली, हेदरच्या मांडीवर, हातांवर. मग तिने डोळे किलकिले केले, आईकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

काठावरची माणसं थबकून बघायला लागली एवढं मोठ्यानं ती रडत होती. "उगी, उगी," कॉलिन म्हणाला.

"रडू दे तिला," हेदर म्हणाली. "अजिबात गप्प करू नकोस."