खिळा वाकडा, शिक्षा पात्याला

मित्रांनो, मी एक जुना वस्तरा आहे, आणि फार वैतागलेला वस्तरा आहे. माझा जन्म परदेशातल्या, सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेल्या झोलिंगेन गावातला. एवाल्ड टिलमान्सने नदीकाठच्या कारखान्यात मला घासून धार लावली आणि त्याच्या धाकट्या भावाने, रूडीने, मला शिंगाची मूठ बसवली. मी एवाल्डच्या स्वतःच्या दाढीसाठी होतो. तेव्हा माझं पातं अंगठ्याएवढं रुंद होतं आणि शेजारीपाजारी मला हातात घेऊन वाखाणत.

आमच्या गावात धारवाला मुठीला हात लावत नाही आणि मूठवाला धारेला. रीतच आहे ती. पण एवाल्डला धार लावायला शिकवणाऱ्या त्यांच्या बापाच्या दफनानंतर सगळे कॉफीला जमले, तेव्हा रूडी बोलून गेला, "धार काय, कुणीही लावतो." झालं, एवाल्डने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

त्यानंतर एकदा मी तोंड धुण्याच्या टेबलावरून पडलो. मुठीच्या दोन फळ्यांतून जाणारा, ज्याच्यावर मी फिरतो तो पितळी खिळा किंचित वाकला. तेव्हापासून मिटताना मी डावीकडे कलायचो आणि माझी धार शिंगावर आपटून तिला खांडे पडायचे. आता दोष कुठे होता, तुम्हीच सांगा. पण एवाल्डला फक्त धार दिसायची. खांडा पडला की तो मला घासायचा, पुन्हा मिटायचा, पुन्हा खांडा. माझं अंग झिजत चाललं. असंच चाललं असतं तर माझी सुई झाली असती. मी ओरडणार तरी कसा?

"गालावर काय नकाशा काढतोयस रोज?" त्याची बायको हेडविग एकदा म्हणाली. "खिळा वाकलाय. रूडीकडे घेऊन जा."

"पोलाद खराब आहे."

"पोलाद तूच निवडलं होतंस."

शेवटी तीच मला रूडीकडे घेऊन गेली. रूडीने मला उजेडात धरलं, ओळखलं आणि तसंच परत दिलं. "त्याला सांग, स्वतः ये." एक भाऊ येईना, दुसरा हात लावीना, आणि मधल्या मध्ये माझे हाल.

पुढे एवाल्डने कहरच केला. घरात कुणी नसताना त्याने हातोडी घेतली आणि खिळ्याच्या डोक्यावर दणका घातला. मी घट्ट झालो, पण वाकडाच. शिंगाला बारीक चीरही गेली. आता मी उघडेनासाच झालो. वाढलेली दाढी घेऊन रविवारी चर्चला जायची एवाल्डला लाज वाटली आणि तो मुकाट्याने रूडीच्या दारात गेला.

रूडीने खिळ्यावरची खूण पाहिली. "हा घाव कुणाचा?"

"पडला होता."

"हातोडीवर पडला असेल."

रूडीने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि मला छोट्या ऐरणीवर घेतलं. खिळ्याच्या एकाच बाजूला हातोडीच्या हलक्या टिचक्या मारायच्या, मला उघडायचं, मिटायचं, खिडकीकडे धरून दोन्ही बाजूंना सारखी फट दिसते का पाहायचं आणि मग पुन्हा टिचकी. कॉफी गार होण्याआधी मी मुठीत मधोमध बसलो. कुठेच घासत नव्हतो. इतकं सोपं काम होतं, मित्रांनो.

मग रूडीने माझ्या पात्यावरून बोट फिरवलं. "केवढा होता हा. करंगळीएवढाही उरला नाही." मला मिटून तो म्हणाला, "धार मात्र अजून बापाने लावल्यासारखी वाटते. त्या दिवशी मी उगाच बोललो."

"कॉफी गार झाली," एवाल्ड म्हणाला. पण तो बसला, आणि दुसरी मागून घेतली.

आता ते दोघे रोज बोलतात. मला आनंद आहे. पण मित्रांनो, वस्तू बिघडली तर आधी नीट बघा की बिघडलंय काय, आणि ज्याचं ते काम आहे त्याच्याकडे वेळेवर जा. त्यांचा अबोला सुटला, पण झिजलो तो मी, आणि झिजलेलं पातं कुठलाही भाऊ भरून देऊ शकत नाही.