सतराव्या गावानंतर

चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली आणि सव्वाचारला तो स्टुलावरून उठला.

“चाललास?” ताईने विचारलं.

“नाही गं. पाणी भरून आणतो.”

“बाटली भरलेलीच आहे, बाळ्या.”

बाळ्या अडुसष्ट वर्षांचा होता. त्याने बाटली उचलली, उजेडाला धरली, परत ठेवली. खिडकीचा पडदा सरकवला आणि पुन्हा होता तसा केला. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता वाचून औषधांच्या वेळा एकमेकींशी जुळतात का ते तपासलं. ताईने डोळे मिटून घेतले. भावाला जायला मोकळीक द्यायची तिची ही पद्धत फार जुनी होती.

“झोप लागली वाटतं,” तो स्वतःशीच पुटपुटला आणि निघाला.

महिन्याभरापूर्वी ताई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ते बसवलं, तर छातीत कफ धरला. डॉक्टर त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन म्हणाले, “शहात्तर वय आहे. हृदय थकलंय. बघू या.” हे ‘बघू या’ त्याच्या घशाखाली उतरेना. बस कंपनीच्या कचेरीत त्याने पस्तीस वर्षं वेळापत्रकं आखली होती. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, सगळं चौकटीत बसवायचं. सहकारी त्याला मिनिटराव म्हणत. ‘बघू या’ ला चौकट नव्हती.

पण त्याच्या जिवाला खरा घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. दाखल केलं त्या दिवशी ताईची बोटं पाहून नर्सने सहज विचारलं होतं, “आजी, तुम्ही काय करायचात?”

“पियानो शिकवायचे. लहान मुलांना.”

“मग मोठमोठ्या लोकांसमोर वाजवलं असेल ना?”

ताईने भावाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “छे हो. कुणासमोर नाही.”

ती नजर त्याला चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत होती.

पन्नास वर्षांपूर्वी, ताई सव्वीसची असताना, एक नावाजलेला पियानोवादक दौऱ्यावर त्यांच्या गावी आला होता. सभागृहातल्या पियानोच्या दोन पट्ट्या अडकत होत्या. त्या दुरुस्त होईपर्यंत त्याला सरावाला वाद्य हवं होतं, म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापकाने त्याला गावातल्या एकुलत्या एक पियानो-शिक्षिकेच्या घरी पाठवलं. दोन तास तो त्यांच्या पुढच्या खोलीत वाजवत बसला. जाताना त्याने विचारलं, “तुम्ही स्वतः काही रचता का?” ताईने स्वतः रचलेली तीन मिनिटांची एक चीज वाजवून दाखवली. त्याने ती लिहिलेला कागद मागितला. तिने होता तो एकुलता एक दिला. “पुढच्या गावांत वाजवीन,” तो म्हणाला.

हे ताई सांगायची. आई माहेरी गेली होती, वडील कामावर, आणि बाळ्या कुठेतरी उंडारत होता. त्यामुळे साक्षीला कुणीच नाही. पत्र आलं नाही, कागद आला नाही. हळूहळू घरात त्या गोष्टीचा विनोद झाला. कुणी थाप मारली की म्हणायचं, “ताईचा पियानोवाला आला बरं का!” वीस वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात, व्याह्यांच्या समोर, बाळ्याने तो किस्सा रंगवून सांगितला. पियानोवाल्याची नक्कलसुद्धा केली. मंडळी हसून हसून लोळली. ताई ताट तसंच ठेवून उठली आणि हात धुवायला गेली. ती परत पंगतीत आली नाही. त्यानंतर तिने त्या माणसाचं नाव काढलं नाही.

म्हणून आता त्याला कळायलाच हवं होतं. वाजवलं होतं की नव्हतं?

त्याने काम सुरू केलं ते त्याला येत होतं त्याच पद्धतीने. त्या हिवाळ्यातला तो दौरा एकेचाळीस गावांचा होता. जुन्या वर्तमानपत्रांतून, सभागृहांच्या नोंदवह्यांतून त्याने एकेक गाव आणि तारीख गोळा केली आणि मोठ्या कागदावर दौऱ्याचं वेळापत्रक उभं केलं. त्यांचं गाव सतरावं. म्हणजे पुढची चोवीस गावं तपासायची. त्याने प्रत्येक ठिकाणी पत्रं टाकली, फोन केले, जवळच्या गावांना स्वतः जाऊन आला. कुठे ग्रंथपालाने कपाट उघडून दिलं, कुठे “पन्नास वर्षांपूर्वीचं? काका, आम्ही मागच्या वर्षीचं ठेवत नाही,” असं उत्तर मिळालं. तरी तीन आठवड्यांत चोवीसपैकी एकोणीस कार्यक्रमपत्रिका त्याच्या टेबलावर आल्या. पिवळट, दुमडलेल्या, एकीवर चहाचा डाग.

सगळ्या जवळपास सारख्या. त्याच चार मोठ्या रचना, फार तर दुसरी आणि तिसरी यांची अदलाबदल. टाळ्या थांबल्या नाहीत तर शेवटी वाजवायची एखादी छोटी चीज, ती तर पत्रिकेत छापतच नसत. मग त्याने दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं काढली. त्यांत सभागृह किती भरलं होतं, कुणी हार घातला आणि नगराध्यक्ष किती वेळ बोलले हे सगळं होतं.

“तिकडे बहीण पडून आहे आणि तुम्ही कागद चिवडत बसलाय,” बायको म्हणाली. “तिच्याजवळ बसा की जरा. पायाला नुसती भिंगरी लागलीय तुमच्या.”

“तिच्यासाठीच करतोय.”

“तिनं सांगितलंय?”

त्याने पुढची पत्रिका उलगडली. त्याला जेवणही धड जात नव्हतं. बसला की उभं राहावंसं वाटे, उभा राहिला की कुठेतरी जावंसं.

एका सभागृहाच्या वहीत त्याला एक नोंद सापडली: ‘वादकासोबत त्यांचा स्वतःचा पियानो-दुरुस्तीवाला, एक खोली.’ म्हणजे रोज सोबत असलेला माणूस होता. पत्ता शोधायला चार दिवस गेले. दुरुस्तीवाला जिवंत होता, अठ्ठ्याऐंशीचा, मुलीकडे राहत होता.

बसने दोन तास लागले. म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता. पाहुणा टेकतो न टेकतो तोच म्हणाला, “आधी तो पंखा बंद करा हो. बेसूर फिरतोय. इथं कुणाला ऐकू येत नाही आणि मला सोसत नाही.”

त्याने पंखा बंद केला आणि सगळी हकीकत सांगितली. म्हातारा ऐकताना मान हलवत होता, जणू ती त्याच्या ओळखीचीच असावी.

“दोन पट्ट्या अडकलेलं गाव. आठवतं. ओल धरली होती वाद्यानं,” तो म्हणाला. “तुमच्या ताईंचं मला ठाऊक नाही. पण प्रत्येक गावात कुणी ना कुणी कागद द्यायचंच. शिक्षिका, पोस्टमास्तर, एकीकडे तर दातांचा डॉक्टर. हा सगळ्यांना सांगायचा, वाजवीन. माणूस वाईट नव्हता. नाही म्हणायला जीभ वळायची नाही त्याची.”

“मग त्या कागदांचं काय व्हायचं?”

“हॉटेलच्या कपाटाला खण असतो ना, त्यात. एकदा मी मागे धावत गेलो, म्हटलं, साहेब, कागद राहिले. तर म्हणाला, राहू देत, तिथं कोरडे राहतील.”

“एकही वाजवला नाही?”

“माझ्यासमोर नाही. आणि मी रोज होतो.”

परतीच्या बसमध्ये तो आपला थांबा चुकला. दोन थांबे पुढे उतरला आणि उन्हात चालत आला. मनात एकच चाललं होतं. ताई थापा मारत नव्हती. तिने कागद दिला होता, तो माणूस आला होता, तो तसं म्हणालाही होता. एवढं खरं होतं. पण हे तिला सांगायचं कसं? ‘ताई, तू खरं बोलत होतीस, तुझा कागद कपाटाच्या खणात गेला’?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जन्मात न केलेली गोष्ट करायची ठरवली. पत्रिकांमधली सगळ्यात स्वच्छ निवडली आणि तो छापखान्यात गेला.

“अशीच्या अशी छापून हवीय,” त्याने सांगितलं. “कागद जुना वाटला पाहिजे. फक्त शेवटी एक ओळ वाढवायची.”

छापखानेवाल्याने पत्रिका उलटीपालटी करून पाहिली. “नाटकासाठी का?”

“हो. तसंच समजा.”

“सांगा ओळ.”

त्याने ताईचं नाव सांगितलं. छापखानेवाल्याने ते लिहून घेतलं आणि पेन्सिल धरून थांबला.

“आणि रचनेचं नाव?”

त्याला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं त्या गोष्टीवर घरादाराने हसून घेतलं होतं, त्याने नकला केल्या होत्या, गेला महिनाभर चोवीस गावं उपसली होती. त्या चीजेला नाव काय, हे एकदाही कुणी ताईला विचारलं नव्हतं.

“काका?”

“विचारून येतो,” तो म्हणाला आणि पत्रिका उचलून बाहेर पडला.

भेटायची वेळ नव्हती. नर्सने हटकलं, पण त्याचा चेहरा पाहून तिने वाट दिली. ताई उशांना टेकून बसली होती.

“अरे, अवेळी?”

“ताई, तुझ्या त्या चीजेचं नाव काय होतं?”

“कुठल्या?”

“तू त्याला दिली होतीस ती.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. टिंगल आहे का, हे ती पारखत होती. मग म्हणाली, “कशाला हवंय तुला?”

तेव्हा त्याने सगळं ओकून टाकलं. एकेचाळीस गावं, एकोणीस पत्रिका, पंखा बंद करायला लावणारा म्हातारा. कपाटाच्या खणाशी तो अडखळला, पण तेही सांगितलं. मग छापखाना सांगितला. छापखान्याचं ऐकून ताई हसायला लागली. इतकी, की खोकल्याची उबळ आली आणि त्याला तिची पाठ चोळावी लागली.

“तू? खोटी पत्रिका?” ती दम खात म्हणाली. “मिनिटराव!”

“गंमत करू नकोस.”

“अरे, त्यानं वाजवली नसणार हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. तेवढी अक्कल होती मला.” तिने पदराने डोळे पुसले. “त्याचं नाही वाईट वाटलं. तो कोण, कुठला. तू मात्र लग्नात...”

वाक्य तिने पुरं केलं नाही. त्यानेच ते पुरं केलं.

“चुकलो मी, ताई.”

“हं.”

शेजारच्या खाटेवरच्या बाई खोट्या झोपेत कान देऊन पडल्या होत्या.

“‘जिना’,” ताई म्हणाली.

“काय?”

“नाव. आपल्या जुन्या घराचा जिना. तू शाळेला निघालास की धडधडत उतरायचास, मधल्या वळणावर काहीतरी विसरलं म्हणून परत वर, मग पुन्हा खाली, आणि शेवटच्या तीन पायऱ्या गाळून उडी. रोज. आई ओरडायची. मी खाली पियानोशी बसलेली असायचे. तेच लिहिलं होतं.”

तो स्टुलावर बसला.

“आठवतं तुला सगळं?” त्याने विचारलं.

“लिहायला बसले तर आठवेल काही. पण कागद लागेल. तसला कागद आता कुठं मिळणार?”

कागद त्याने घरी आखला. पाच बारीक रेघा, मग बोटभर जागा, पुन्हा पाच. आयुष्यभर पट्टी आणि पेन्सिल चालवलेला हात होता, एकही रेघ वाकडी गेली नाही. बायको मागे उभी राहून पाहत होती. “चहा आणते,” एवढंच ती म्हणाली.

पुढचे नऊ दिवस तो चार ते सहा बसला. ताईच्या मांडीवर पाट, पाटावर कागद, कागद सरकू नये म्हणून त्याने कडेला धरलेली बोटं. ती हवेत दोनचार बोटं हलवायची, मग एक टिंब काढायची, मग खोडायची. उभ्या दांड्यांनी रेघांची घरं पडत जात, आणि त्या घरांत ती टिंबं भरत होती. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

“इथं तू वळणावर आहेस,” ती कधी सांगायची.

“वर चाललोय की खाली?”

“अजून ठरवतोयस.”

वळणानंतरची चार घरं काही केल्या तिला आठवेनात. तिने तीन वेळा लिहून तीन वेळा खोडली. “हे ते नाही. काहीतरी घालून देऊ का? जुळेल.”

“नको,” तो म्हणाला. “नसेल आठवत तर राहू दे मोकळं.”

तिने मान डोलावली, चार घरं सोडली आणि शेवट लिहिला. शेवट तिला पक्का पाठ होता. वरती कोपऱ्यात तिने ‘जिना’ असं लिहिलं, खाली आपलं नाव घातलं, आणि म्हणाली, “मोकळ्या घरांचं बघू, आठवलं की.”

तिला ते आठवलं नाही. पुढच्या सोमवारी पहाटे ती गेली.

तेरावं झाल्यावर तो आणि बायको ताईचं घर आवरायला गेले. ताईची एक जुनी विद्यार्थिनी आली होती, आता शाळेत गणित शिकवणारी उंच, केस पिकलेली बाई. त्याने तिला कागद दाखवला. तिने तो उभ्या-उभ्याच वाचला, मग पियानोवरची कापडं बाजूला केली, कागद समोर लावला आणि बसली.

तिने वाजवायला सुरुवात केली. पायरीमागून पायरी सूर धडधडत खाली आले, थांबले, अडखळत परत वर गेले. बायको हातातली पेटी खाली न ठेवता दारात उभी राहिली. तो भिंतीला टेकला.

मोकळ्या घरांपाशी पोचल्यावर तिने हात उचलून मांडीवर ठेवले. डोळे कागदावर, ओठ किंचित हलत होते. एकेक घर ती मनात मोजत होती. खोलीत कुणी हललं नाही. चारही घरं पूर्ण झाली, तेव्हा तिने हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले आणि राहिलेलं वाजवलं.