कंप्रेसरचं पाणी

बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या तांड्याला विहीर मंजूर झाली आणि तांड्याचे नायक भीमसिंग खडक फोडायला कंप्रेसर भाड्याने आणायला निघाले. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले, त्यामुळे मशीनही त्यांनी बैल पारखावा तशीच पारखली. दारव्ह्याला दोन होत्या. एक नव्याकोऱ्या रंगाची, दुसरीचे पोपडे उडालेले. नायकांनी दोन्हींच्या टाक्या हवेने भरायला लावल्या, इंजिनं बंद करायला लावली आणि कान लावून बसले. नव्या रंगाची कुठूनतरी सुस्कारे टाकत होती, तिचा काटा भराभर खाली आला. पोपड्यांवाली मात्र दम धरून राहिली. नायकांनी तीच घेतली, आणि निवड अगदी बरोबर होती.

भांडण होतं ते विहीर कुठे खोदायची यावरून. नायकांना ती नाल्यापलीकडे, स्वतःच्या शेताच्या बांधाशी हवी होती. तिथे त्यांनी संत्र्याची कलमं लावली होती. त्यांच्या थोरल्या भावाची बायको हंसाबाई, तिला हवी होती तांड्याच्या उतारावर. तिची सून नंदाबाई आठव्या महिन्यात होती आणि रोज नाल्यापलीकडून पाण्याने भरलेला गुंड डोक्यावर घेऊन चढण चढत होती. ते पाहून हंसाबाईच्या पोटात तुटायचं.

"चार पावलं चालल्यानं पाय झिजते काय?" नायक म्हणायचे.

"मंग तुम्हीच आणा न पाणी, भावजी. चारच पावलं तं हायेत."

बायका हसायच्या, पण शब्द नायकांचाच चालायचा.

ट्रॅक्टरमागे डुलत मशीन तांड्यात आली. सोबत वणीचा ऑपरेटर रामलाल होता. इंजिन चालवून पाहिल्यावर संध्याकाळी त्याने टाकीखाली वाकून एक बारकी चावी उघडली. फस्स करून तांबूस पाणी उडालं. बघायला जमलेल्या बायकांतल्या सुखीबाईने तोंडाला पदर लावला, "अगं माय, मशीन पाणी सोडून राह्यली!"

मृग तोंडावर आला होता, हवा दमट होती. रामलालने सांगितलं, की हवा दाबली की तिच्यातलं पाणी असं टाकीत साचतं. रोज काढलं नाही तर टाकी आतून गंजते आणि ड्रिलही अडकतं. कुणालाच पटलं नाही. हवेत पाणी असतं तर नाल्यापलीकडे मरायला कोण गेलं असतं? मशीन जमिनीतलंच पाणी ओढते, असं तांड्याने ठरवून टाकलं. हंसाबाईला रामलालचं पटलं होतं, पण लोकांना शहाणं करण्याच्या भानगडीत ती पडली नाही. ती सरळ नायकांसमोर जाऊन उभी राहिली.

"दोन्ही जागी एक-एक दिवस भोकं पाडून पाहा, भावजी. जिथं मशीन पाणी सोडन, तिथं विहीर."

नायकांनी लगेच होकार दिला. इतक्या लवकर दिला, की तिला जरा नवलच वाटलं.

त्या संध्याकाळी तिने रामलालला भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं.

"पाणी दिवसातून चारदा काढलं तं मशीन बिघडते काय?"

"उलट बरंच हाय, मावशी."

"मंग नायकाच्या शेतात काढत राहा. कोणी पाहत नसतानी. आन् उतारावर दिवसभर हातच लावू नको."

रामलालने तिच्याकडे पाहिलं, दारात गुंड उतरवून कंबर धरणाऱ्या नंदाबाईकडे पाहिलं, आणि आणखी एक भाकर मागून घेतली.

पहिल्या दिवशी नायकांच्या शेतात मशीन धडधडली. संध्याकाळी सारा तांडा जमला. रामलालने चावी उघडली. कोरडा फुस्कारा आला, धूळ उडाली, बस्स. दुसऱ्या दिवशी उतारावर चावी उघडली तर अशी चिळकांडी उडाली की सुखीबाईचे पाय भिजले. नायकांचा चेहरा पडला. "इथंच खोदा," एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

आता हंसाबाईची झोप उडाली. विहीर एकच, पुन्हा मिळायची नाही, आणि ती खोदायची जागा ठरवली होती तिच्या लबाडीने. खाली काय आहे हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? ड्रिल रोज भोकं पाडत होतं, सुरुंग उडत होते आणि वर येत होता नुसता काळा, ठणठणीत दगड. सुनेकडे पाहायची हिंमत होईना.

शेवटी एका सकाळी ड्रिलच्या भोकातून धुळीऐवजी चिखल उसळला, मग गढूळ पाणी. बघता बघता खाली उतरलेल्या गड्यांचे घोटे बुडाले. हंसाबाई तिथेच बसली आणि रडली.

तेवढ्यात नायक आले. सगळ्यांसमोर वाकले आणि त्यांनी भावजयीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वहिनी, माफ करा. म्या लबाडी केलती. रामलालले सांगतलं व्हतं, माह्या शेतात दिवसभर चावी उघडू नको, पाणी साचू दे. सारा दिवस साचवूनबी थेंब नाही निघाला! तवाच समजलो, धरतीमायच माह्यावर रागावली."

हंसाबाईने रामलालकडे पाहिलं. तो पाठ फिरवून मशीनची हवेची जाळी झटकत होता. झटकून झालेलीच पुन्हा झटकत होता. तिला हसू आवरेना आणि लाजही वाटली. दोन्ही गिळून तिने दिराच्या डोक्यावर हात ठेवला.

"कबूल केलं ते बरं झालं, भावजी," ती म्हणाली. "पुन्हा अशी लबाडी करू नका."