जावयाची पुदिना-व्हिस्की

नवे जावई सुमंतराव पहिल्यांदाच मुक्कामी आले. त्यांना आमच्या घरचं काहीच आवडत नाही, असं पोरगी सांगे. म्हणून मी पुदिना-व्हिस्कीचा बेत केला. कूलरच्या सांडपाण्यावर आमचा पुदिना असा माजला होता, की शेजाऱ्याची स्कूटर आठवडाभर त्यात हरवली होती. तो साखर घालून खलबत्त्यात ठेचला, व्हिस्की ओतली, वर कुटलेला बर्फ भरला.

सुमंतरावांनी घोट घेतला. त्यांच्या कानांतून अशी वाफ निघाली, की कूलर शरमेनं बंद पडला.

"खलात जहाल तिखट सावजी मसाला कुटला होता मी," बायको म्हणाली. "धुतला काहून नाही तुम्ही?"

जावयांनी डोळे पुसून ग्लास पुढं केला.

"मामाजी, अजून द्या. मसाला थोडा वाढवजा."