बारकी घरी यायच्या आधी

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नव्हती. डासांना मात्र हे कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. ते भर दिवसा, चहाच्या वेळी, त्यांच्या घोट्यांना चावत, आणि मिस्त्री एका हाताने कप सांभाळत दुसऱ्या हाताने स्वतःलाच चापट्या मारून घेत.

एरवी त्यांनी हे मनावर घेतलं नसतं. इतकी वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्या झेलून त्यांची कातडी अशी झाली होती की दया डासाचीच यावी. पण प्रश्न त्यांच्या कातडीचा नव्हता, बारकीचा होता. बारकी म्हणजे त्यांची नात. ती पोटात असताना याच घरात तिच्या आईला डेंग्यू झाला. मायलेकी दोघी वाचतील की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. दोघी वाचल्या. सून दवाखान्यातून निघाली ती थेट माहेरी गेली. बारकी तिथेच जन्मली, तिथेच बसायला शिकली, आणि अजून तिने आपलं घर पाहिलं नव्हतं. डास गेल्याशिवाय मी तिला तिथे आणणार नाही, असं सुनेने स्वच्छ सांगितलं होतं.

तेव्हा मिस्त्रींनी कंबर कसली. वर्कशॉप मुलाच्या ताब्यात दिल्यापासून त्यांना वेळ रग्गड होता. मागच्या अंगणातला भंगाराचा ढीग, ज्याला हात लावायची बायकोची छाती नव्हती, तो त्यांनी आपणहून विकून टाकला. जुने टायर गेले, गंजके डबे गेले, कुंड्यांखालच्या बश्या गेल्या. पाण्याच्या टाकीला त्यांनी असं घट्ट झाकण बसवलं की आत डोकवायचं तर त्यांनाच पाना शोधावा लागे. गटाराच्या तोंडाला जाळी आली, खिडक्यांना जाळ्या आल्या. दाराला जाळीचं दुसरं दार आलं आणि पहिल्याच दिवशी त्यावर खुद्द मिस्त्रींचं नाक आपटलं. बायकोने हसू दाबायचे कष्टही घेतले नाहीत.

मोकळ्या झालेल्या अंगणात मग बारकीचा झोपाळा उभा राहिला. जाडजूड पाइपचे दोन खांब सिमेंटमध्ये पक्के रोवलेले, वर आडवा दांडा, खाली पाठ असलेली छोटी बैठक. दोन्ही खांबांच्या टोकांवर एकेक लोखंडी चिमणी बसवायची, हे मिस्त्रींचं स्वप्न. पहिली चिमणी केली ती कोंबडीसारखी दिसली. दुसरी कशासारखी दिसते ते बायकोने सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. मनासारखी चिमणी जमेपर्यंत खांबांची तोंडं उघडीच राहिली, कारण तात्पुरतं काम ही गोष्ट मिस्त्रींच्या रक्तात नव्हती. नव्या रंगावर धूळ बसू नये म्हणून रोज सकाळी ते नळी लावून झोपाळा वरपासून खालपर्यंत धूत असत.

एवढं होऊनही डास होतेच. उलट वाढले होते. मिस्त्रींनी अंगणात पालापाचोळ्याचा धूर केला. डास दुपारी निघून गेले आणि संध्याकाळी परत आले. शेजारी मात्र दोन दिवस खोकत राहिले.

"अहो, ते डासांचं काम करणारे लोक असतात, त्यांना बोलवा ना," बायको म्हणाली.

"माझ्या घराला माझे हात पुरे आहेत."

"पुरे आहेत हो. चापट्या मारायला."

मिस्त्रींनी याकडे कानाडोळा केला आणि मुलाला फोन लावला. मुलगा तेव्हा सासुरवाडीला, बायकोपोरीला भेटायला गेला होता. येत्या रविवारी दोघींना घेऊनच ये, घर आरशासारखं केलंय, असं त्यांनी ऐटीत सांगून टाकलं.

"बाबा, ती विचारतेय, डास आहेत का अजून?"

"एखाददुसरा कुठे नसतो? तिला म्हणावं, एवढ्याशा डासाचं काय घेऊन बसलीस."

फोन ठेवून ते वळले तर बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. ती हसत नव्हती.

"हेच तुम्ही तिला दवाखान्यात ऐकवलं होतंत."

"मी? कधी?"

"ती पलंगावर पडलेली, हाताला सलाईन. पोटातलं पोर राहतं की जातं, कळत नव्हतं. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, एवढ्याशा डासाला काय घाबरायचं."

"अगं, मी धीर देत होतो."

"तुम्ही देत होतात, तिला तो पोचला नाही. माहेरी जाताना मला म्हणाली, आई, बाबांना माझी भीती म्हणजे थट्टा वाटते. त्या पोरीला डासांची भीती आहेच. पण या घरात तिची भीती कोणी खरी मानत नाही, हे तिला जास्त लागलंय."

मिस्त्री खाली बसले. त्यांना फार वाईट वाटलं. सून लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांची लाडकी होती, वर्कशॉपमध्ये येऊन काळा चष्मा लावून वेल्डिंग बघत बसणारी घरातली ती एकटीच. इतके महिने ते मनात म्हणत होते, डास हे निमित्त आहे, पोरीला यायचंच नाही. निमित्त आपल्या तोंडातून निघालं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. थोड्या वेळाने उठून त्यांनी बायकोकडून त्या डासवाल्या लोकांचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. पायात गमबूट, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, आणि बोलणं असं भरभर की मिस्त्रींना मध्ये शिरायला फट सापडेना.

"धूर मारा म्हणत असाल तर आत्ता मारते आणि जाते. पण त्याने उडणारे मरतील. साठलेलं पाणी तसंच राहिलं तर आठवड्याभरात नवे तयार. आधी ते जन्माला कुठे येतात ते बघू या."

"इथे पाण्याचा थेंब साठलेला नाही," मिस्त्री म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, काका."

बाईंनी घर पालथं घातलं. फ्रिजच्या मागची पाण्याची ताटली पाहिली, कुंड्या हलवून पाहिल्या, छताची पन्हळ शिडी लावून पाहिली. टाकीचं झाकण पान्याने उघडताना त्या म्हणाल्या, "टाकी आहे की तिजोरी?" कुठेच काही सापडलं नाही. मिस्त्रींना क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात एक डास त्यांच्या मानेला चावला.

बाई पायरीवर टेकल्या. "घरच्या माणसाने करायचं ते सगळं तुम्ही केलंय. पाणी ओतून टाकणं, झाकणं, जाळ्या, काही सोडलं नाहीत. तरीही दिवसा चावतायत, म्हणजे पाणी आहे आणि जवळच आहे. अशा वेळी बाहेरच्या माणसाला बोलवायचं, त्यात कमीपणा नाही. रोजच्या नजरेला आपलं घर दिसत नाही. बरं, एवढ्यात नवीन काय आणलंय?"

"नवीन काही नाही. हा झोपाळा तेवढा, नातीसाठी. घरीच केला." मिस्त्री झोपाळ्याजवळ गेले. कौतुकाची भूक कोणाला चुकली आहे? "बघा, जोड दिसतोय का कुठे?"

आणि गिऱ्हाइकाला काम दाखवताना ते जन्मभर करत आले तसं त्यांनी खांबावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. रिकामा पाइप वाजला की टणटणतो. हा टणटणला नाही. थप्प असा मुका आवाज आला. त्यांनी जरा वर वाजवून पाहिलं. तिथेही थप्प. छातीच्या वर हात गेला तेव्हा कुठे पाइप खणखणला.

बाईंना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी मिस्त्रींचा चेहरा पाहिला आणि स्टूल मागवलं. खांबाच्या उघड्या तोंडातून नळी सोडून त्यांनी पाणी ओढलं आणि पांढऱ्या वाडग्यात ओतलं. पाणी अळ्यांनी वळवळत होतं. दुसऱ्या खांबातही तेच. पाऊस अधूनमधून पडतच होता, आणि जे कमी पडलं ते मिस्त्रींनी रोज सकाळी स्वतःच्या हाताने भरलं होतं.

बायको या खेपेलाही हसली नाही. तिने नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मिस्त्रींनी ड्रिल आणून दोन्ही खांबांना तळाशी भोकं पाडली. पाणी तापलेल्या फरशीवर वाहून गेलं. मग त्यांनी दोन्ही तोंडांवर साधे सपाट पत्रे वेल्ड करून टाकले, चिमण्याबिमण्या काही नाही. बाईंनी घरात पलंगांखाली, पडद्यांमागे, कपाटांच्या आडोशाला औषध फवारलं. "उडणारे आहेत ते काही दिवसांत संपतील. पुढच्या आठवड्यात मी परत येऊन बघते," त्या म्हणाल्या. "रविवारी बाळ येणार म्हणालात ना? तुमच्या जागी मी असते तर तेवढं थांबले असते."

त्या गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "झालं ना आता साफ? मग तिला कशाला सांगताय? मच्छरदाणी आहे, आपण डोळ्यांत तेल घालून बसू. एकदा नाही म्हणाली तर परत कधी येईल देव जाणे."

मिस्त्रींना हे पटलं नाही असं नाही. बारकीला या अंगणात बघायला ते आसुसलेले होते. रविवार पुढे गेला तर तो किती पुढे जाईल, याचा भरवसा त्यांना नव्हता. तरी त्यांनी फोन उचलला, आणि पहिल्यांदाच मुलाला न लावता थेट सुनेला लावला.

"पोरी, मी बोलतोय. रविवारी येऊ नकोस."

तिने कारण विचारायच्या आत ते पुढे बोलत सुटले.

"डास माझ्याच झोपाळ्यात होते. बारकीसाठी केला त्याच्या खांबांत. मीच रोज पाणी घालत होतो. आज सापडले, काढले, पण त्या बाई परत बघून जाईपर्यंत तू येऊ नको. आणि दवाखान्यात मी बोललो ते चुकीचं बोललो. मी फार घाबरलो होतो गं. तुला तसं बघवत नव्हतं. घाबरलोय असं म्हणता येईना, म्हणून तोंडाला येईल ते बोललो. तुझी भीती खरी होती."

सुनेने विचारलं, "किती पाणी होतं, बाबा?"

"माझ्या छातीपर्यंत."

"म्हणजे डास खूप होते."

"खूप होते."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. याचा अर्थ काय घ्यायचा ते मिस्त्रींना कळेना. त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि त्यानंतरही नव्हतं.

बाई ठरल्याप्रमाणे परत आल्या, सगळं पुन्हा पाहिलं आणि आता ठीक आहे म्हणाल्या. मिस्त्रींनी तसं सुनेला कळवलं. "बघते," एवढंच ती म्हणाली. मग दोन-चार दिवस गेले. एका दुपारी फाटकाशी गाडी थांबली आणि मुलाच्या मागून सून उतरली. बारकी तिच्या खांद्यावर झोपलेली. सुनेचे डोळे खोल गेले होते. पोरीपाशी महिनोन्महिने जागत बसलेल्या बाईचे डोळे होते ते.

मिस्त्रींनी लगेच सुरुवात केली. "हे बघ, इथे जाळी आहे. टाकीचं झाकण दाखवतो तुला, आणि खांबांना आता खालून..."

"नंतर दाखवा, बाबा."

ती आतल्या खोलीत गेली. मिस्त्री दारातच घुटमळले. तिने त्यांना खुर्चीकडे बोट दाखवलं आणि ते बसल्यावर बारकीला त्यांच्या हातांत दिलं.

"मी जरा पडते. तुम्ही बसाल हिच्यापाशी?"

"मी घेते की," सासूबाई म्हणाल्या. "यांना काय कळतंय पोराबाळांतलं?"

"नको, आई. बाबाच बसू देत. त्यांचं लक्ष असतं."

आणि ती पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड आणि पोरीकडे पाठ करून. मिस्त्री हलले नाहीत. पाय बधिर झाला तरी हलले नाहीत, बायकोने खुणेने चहा विचारला तरी मान हलवली नाही. बारकी त्यांच्या हातांत गरम आणि जड होती. थोड्या वेळाने सुनेच्या घोरण्याचा बारीक आवाज येऊ लागला. तेव्हा मिस्त्रींच्या डोळ्यांना धार लागली, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ते पुसायची काही सोय नव्हती.