माफीची वही

लाँड्रीच्या काउंटरवर दोरीने बांधलेली एक वही होती. बाहेर पाटीवर तिला तक्रारवही म्हटलं होतं, पण घरात तिचं नाव माफीची वही. वडिलांनी ती सुरू केली आणि त्यांच्या मागे थोरल्या लेकीने चालू ठेवली. नियम एकच. गिऱ्हाईक ओरडलं की आधी माफी लिहायची, मग कपडा शोधायचा. "बटण तुटलं. चूक आमची. माफी असावी." खाली तारीख आणि सही. कागदावर उतरला की निम्मा राग तिथेच विरतो, असं वडील म्हणत, आणि तो विरायचाही. हरवलेला मोजा पुढे गिऱ्हाइकाच्याच पलंगाखाली सापडायचा, पण ते सांगायला क्वचितच कोणी परत यायचं.

थोरलीने स्वतः त्या वहीत कधी माफी लिहिली नाही. तिची जीभ तिखट. एका गृहस्थांना ती एकदा म्हणाली, "डाग आमचा नाही, तुमच्या जेवणाचा आहे," आणि ते गृहस्थ पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. तेव्हापासून ती मागे मशीनवर आणि पुढे काउंटरला धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे अडतीस वर्षांचा बाप्या, पण समोरच्याचा आवाज जरा चढला की याच्या हातात पेन. "वाद घालू नकोस, लिहून दे आणि मोकळा हो," हे थोरलीनेच त्याला बारा वर्षं घोकवलं होतं.

दर सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचे सात पांढरे कोट कापडी पिशवीतून येत. बाईंची एक सवय सगळ्या गल्लीला ठाऊक होती. हातमोजे घालताना हिऱ्याची अंगठी काढायची आणि कोटाच्या खिशात टाकायची. म्हणून धाकटा त्यांचे खिसे दोनदा उलटे करून बघे. सापडेल ते नंबराची चिठ्ठी लावून एका पत्र्याच्या डब्यात ठेवे. त्या सोमवारी कापसाचे दोन बोळे निघाले आणि पेन्सिलीचा एक तुकडा. अंगठी नव्हती. मंगळवारी बाईंचा फोन आला की अंगठी कोटातच होती. धाकट्याने डबा पाहिला, मशीनची जाळी काढून पाहिली, आणि नाही म्हणून सांगितलं.

बुधवारी अकराच्या सुमारास दोन पोलीस दुकानात आले. "साहेबांनी बोलावलंय. पाच मिनिटांचं काम आहे, नुसतं विचारायचंय."

धाकट्याच्या इस्त्रीखाली शर्टाची एक बाही उरली होती. ती त्याने पुरी केली, इस्त्री उभी ठेवली आणि मागे वळून बहिणीकडे पाहिलं. थोरली ओले हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "जा की. काय असेल ते सांगून ये. कर नाही त्याला डर कशाला?"

हे तीच म्हणाली. पुढे कित्येक दिवस तिला हे वाक्य स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहिलं.

पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत लांबली. पाच वाजता दुकानाला कुलूप घालून ती ठाण्यात गेली. बाकावर तासभर बसवून ठेवल्यावर फौजदाराने तिला आत बोलावलं आणि टेबलावरचा कागद तिच्याकडे फिरवला. अक्षर भावाचं होतं, वळणदार, सगळ्या वेलांट्या जागच्या जागी. "डॉक्टरीणबाईंची अंगठी माझ्या हातून गेली. चूक माझी. माफी असावी." खाली सही, तारीख.

"कबूल केलंय त्याने," फौजदार म्हणाला. "आता माल कुठे ठेवलाय तेवढं सांगायला सांगा. तुमचाही त्रास वाचेल."

"अहो साहेब, ही कबुली नाही! हे आमचं रोजचं आहे. आम्ही सगळ्यांनाच असं लिहून देतो."

"रोजच चोरी करता?" असं म्हणून तो हसला. शेजारचा शिपाईही हसला, कारण साहेब हसले होते.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग मस्तकात गेली तरी ठाण्यातल्या खुर्चीवर माणूस खालीच बघतो. तिने भावाला भेटू द्या म्हटलं. दोन मिनिटं मिळाली.

गजांच्या पलीकडे तो उभा होता. त्याचा पट्टा काढून घेतला होता, म्हणून एका हाताने पँट धरून. "ताई, मी नाही नाही म्हणतच होतो," तो म्हणाला. "मग साहेब म्हणाले, तुमच्या दुकानात वही आहे ना, त्यात लिहिता तसंच इथे लिहा. बाईंचा राग जाईल, विषय मिटेल, जेवायला घरी जा. मला वाटलं, लिहून द्यावं आणि मोकळं व्हावं."

"अरे, पण ती तू घेतली नव्हतीस ना!"

"मोजे तरी मी कुठे घेतले होते?"

तिला फौजदाराचा राग आला, त्या बाईचा आला, या भोळ्या सांबाचा तर इतका आला की गजांतून हात घालून त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि या सगळ्या रागांच्या तळाशी तिचा स्वतःवरचा राग बसला होता, तो तर हलायलाच तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वकीलबाईंकडे गेली. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, तीन खुर्च्या, आणि फायलींनी अडवलेली खिडकी. वकीलबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. थोरली बसलीसुद्धा नाही.

"मला आधी एक सांगा. त्याने काही केलंच नाही, तर वकील हवाच कशाला?"

"हा प्रश्न मला रोज विचारतात," वकीलबाई म्हणाल्या. "आणि रोज एक दिवस उशिरा विचारतात. बसा."

"पण गप्प बसला असता तर संशय आला नसता का?"

"संशय होताच, म्हणून तर नेला. गप्प बसला असता तर नुसता संशय राहिला असता. आता कागद आहे."

"मग त्याला कोणी सांगितलं का नाही, की गप्प बसायचा हक्क आहे म्हणून?"

"कोण सांगणार? ज्याने सांगायचं, त्यालाच कागद हवा होता. आपल्याला कशासाठी धरलंय ते विचारता येतं. वकील येईपर्यंत काही बोलत नाही, असं म्हणता येतं. न वाचता, न पटता सही करायची नाही. घरच्यांना कळवा, असं सांगता येतं. एवढं तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाही. मी त्याला म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला."

वकीलबाईंनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर आपटला. "ही म्हण ज्याने काढली ना, तो उभ्या जन्मात ठाण्यात बसलेला नसणार! खरा चोर येतो तो आधी मला फोन करून. त्याला सगळं पाठ असतं. आणि तुमच्या भावासारखी माणसं पेन कुठाय विचारतात. वीस वर्षं हेच बघतेय मी. वीस वर्षं! चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी स्वतःच सुळाला तेल लावून देतो."

त्या स्वतःशीच धुमसत होत्या. थोरलीला बरं वाटलं. निदान कोणीतरी तिच्याइतकं चिडलं होतं.

"दिलेला कागद परत घेता येतो का?"

"परत नाही घेता येत. पोलिसांपुढची कबुली खटल्यात पुरावा धरत नाहीत, तरी जामीन अडवायला ती पुरते. पण तो कशाचा कागद आहे ते दाखवता येतं. तुमच्या वहीत अशा किती माफ्या आहेत?"

"बारा वर्षांच्या चार वह्या आहेत."

"सगळ्या घेऊन या."

शुक्रवारी सकाळी जामिनाच्या सुनावणीला कोर्टात थोरली चार वह्या छातीशी धरून बसली. वकीलबाईंनी एकेक पान उघडून वाचून दाखवलं. परकर आटला, चूक आमची. कॉलर पिवळी पडली, चूक आमची. उन्हाने रंग गेला, चूक आमची. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग वकीलबाई एका पानावर थांबल्या. त्याच ठाण्यातल्या एका हवालदाराची शिट्टीची दोरी हरवली होती. चूक आमची, माफी असावी. खाली समासात थोरलीचं तिरकं अक्षर होतं: दोरी त्यांच्याच मोटारसायकलच्या डिकीत मिळाली, बायकोने सांगितलं.

"उन्हाचीसुद्धा माफी मागणारा हा माणूस आहे," वकीलबाई म्हणाल्या. "याने लिहून दिलं म्हणजे याने केलं, असं धरायचं असेल तर ऊनही यानेच पाडलं."

न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी वही जवळ ओढून स्वतः सहा-सात पानं वाचली. धाकट्याला जामीन मिळाला. खटला मात्र उभाच राहिला. दर पंधरा दिवसांनी ठाण्यात हजेरी, आणि तारखांवर तारखा. "अंगठी सापडली, किंवा बाईंनी आपली तक्रार चुकीची होती असं लेखी दिलं, तर हे लवकर संपेल," वकीलबाई पायऱ्यांवर म्हणाल्या. "नाहीतर दोन वर्षं धरून चाला. आणि तोवर चोर म्हणायला लोक मोकळे."

लोक मोकळेच होते. शनिवारी तिघांनी धुवायला दिलेले कपडे न धुताच परत नेले. एका आजोबांनी काउंटरवरच कोट उघडून सगळे खिसे चाचपले, आणि वर म्हणाले, "तसं काही नाही हो, आपलं सहज." धाकटा मान खाली घालून उभा. त्याने काउंटर सोडला आणि मागे इस्त्रीवर जाऊन उभा राहिला. दोन रात्रींत त्याचं बोलणं आटलं होतं. जेवायला बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. थोरलीने एकदा त्याला म्हटलंसुद्धा, "माझ्यावर ओरड तरी. मीच शिकवलं ना तुला हे?" त्याने मान हलवली. ओरडायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या बुधवारी दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. हातात कोटांची पिशवी. काउंटरपाशी चार गिऱ्हाइकं होती. बाईंनी सगळ्यांकडे पाहून गोड हसू आणलं आणि डावा हात पुढे केला. बोटात अंगठी.

"सापडली हो!" त्या म्हणाल्या. "माझीच वेंधळाई. हातमोज्यांच्या खोक्यात पडली होती. आज खोकं संपलं तर तळाशी ही! मी म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं. बिचाऱ्याला उगाच त्रास झाला. झालं गेलं विसरून जा. हे सात कोट, आणि या वेळी जरा कडक इस्त्री हं."

थोरलीने पिशवीला हात लावला नाही. तिने माफीची वही ओढली, कोरं पान काढलं, पेन उघडून त्यावर ठेवलं आणि वही बाईंकडे फिरवली.

"लिहा."

"काय लिहू?"

"अंगठी माझ्याच खोक्यात सापडली. चूक माझी. माफी असावी. खाली सही आणि तारीख."

बाईंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पेनाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"तसं कसं? मी माझ्या वकिलांना विचारल्याशिवाय काही लिहून देणार नाही. सहीबिही तर नाहीच. ती पोलिसांत दिलेली तक्रार आहे, उद्या तुम्ही माझ्यावरच काहीतरी केलंत तर?"

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" थोरलीने विचारलं.

"यात शिकवायचं काय? एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं."

मागे इस्त्रीची वाफ सुटत होती. थोरलीने पेनाला टोपण लावलं. "सगळ्यांना नसतं ठाऊक," ती म्हणाली. "आमच्या घरात कोणालाच नव्हतं. ठीक आहे, नका लिहू. हक्कच आहे तुमचा. पण आत्ता तुम्ही जे बोललात, ते या चौघांनी ऐकलंय. खोकं, तळ, वेंधळाई, सगळं. आमच्या वकीलबाईंना मी यांची नावं देणार आहे."

"मी ऐकलंय," खिसे चाचपणारे आजोबा सगळ्यांत आधी म्हणाले. हे त्यांनी शरमेने म्हटलं की धीटपणाने, ते त्यांनाच ठाऊक.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "अहो, मी तुमच्याकडे विश्वासाने सांगायला आले! माणुसकी म्हणून! आणि तुम्ही माझंच बोलणं माझ्यावर उलटवणार?"

मागे इस्त्री थांबली. धाकटा पुढे आला, काउंटरजवळ उभा राहिला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याने कोणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं.

"मीही विश्वासानेच लिहून दिलं होतं, बाई," तो म्हणाला.

मग त्याने त्यांची पिशवी उघडली, सातही कोट एकेक करून काउंटरवर काढले आणि सगळ्यांसमोर त्यांचे चौदा खिसे उलटे केले. ते पुन्हा आत घालून दिले नाहीत. कोट तसेच, खिशांच्या जिभा बाहेर लोंबत असलेले, त्याने पिशवीत भरले आणि पिशवी बाईंच्या हातात दिली.